खळ्यातल्या मांडवात प्रोजेक्टर लावताना

आधी अंतर मोजा. थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्रासाठी लेन्स पडद्यापासून ३ मीटरवर हवी. टेबल पडद्याच्या मध्यरेषेवर, सपाट ठेवा. चित्र वाकडं दिसलं की सगळे कीस्टोनचं (चित्राचा तिरपेपणा यंत्रातच सरळ करणारं) बटण दाबत सुटतात. त्याने चित्राचे पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं धूसर होतात. त्यापेक्षा टेबलच सरकवा.

लॅपटॉपला एचडीएमआय जोडून विंडोज आणि पी दाबा, ‘डुप्लिकेट’ निवडा. ‘नो सिग्नल’ आलं तर बहुतेक वेळा प्रोजेक्टरचा सोर्स चुकलेला असतो. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर साउंड आउटपुट बदला.

खरी डोकेदुखी आपल्या कोकणातल्या हवेची. चिऱ्याची तांबडी धूळ फिल्टरमध्ये बसते, वारा अडतो, यंत्र तापून मध्येच बंद पडतं. गणपतीच्या दिवसांत फिल्टर आठवड्याला झटका. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, आणि अधूनमधून तासभर चालवा.

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. वीज जाणारच, म्हणून यूपीएस हवाच. जनरेटरवर थेट तर मुळीच नको.