काढून टाकलेला थर्मोस्टॅट

अण्णांची गाडी 2003 ची, पेट्रोल. वीस वर्षं सांगलीत फिरली, आणि तेवढ्या काळात तिचा हीटर कुणी एकदा तरी लावला असेल असं मला वाटत नाही. माझी शिमल्याला बदली झाली, गाडीही माझ्याबरोबर आली आणि नोव्हेंबरात मी पहिल्यांदा ती कळ लाल टोकापर्यंत फिरवली. ब्लोअर जोरात होता, पण हवा जेमतेम कोमट.

नारकंड्याहून परतताना मात्र घाबरले. कुफ्रीच्या चढाला पायांना जरा ऊब लागली होती. उतार सुरू झाला आणि पाच मिनिटांत हवा गार पडली. काच आतून धुरकट. एका हातात स्टीअरिंग, दुसऱ्यात फडकं, समोरून सफरचंदाच्या पेट्यांचे रिकामे ट्रक. ढलीला पोचेपर्यंत जीव मुठीत धरला होता. थंडीचं काय, शाल घेऊन भागतं. काच साफ ठेवायला गरम हवा लागतेच.

चढाला ऊब आणि उताराला गार, या एकाच गोष्टीत सगळं उत्तर होतं. गाडीचा हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणजे मुळात पाणी गरम हवं. माझा तापमानाचा काटा उताराला पाव भागाच्याही खाली जायचा. सांगलीत याच काट्याकडे बघून आम्ही म्हणायचो, गाडी किती थंड चालते! (उलट लक्षण असेल, म्हणजे रेस दिल्यावर गरम आणि सिग्नलला थांबल्यावर गार, तर आधी कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी झालंय का ते बघा. बहुतेक वेळा ते कमी तरी असतं नाहीतर त्यात हवा अडकलेली असते.)

अण्णांना फोन लावला. "अगं, एका उन्हाळ्यात लई तापायला लागली होती. मेस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला. त्यानंतर कधी तापली नाही बघ."

आपल्याकडे हे सर्रास चालतं. पाणी तापेपर्यंत ते पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, हे थर्मोस्टॅटचं काम. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये थंड होत राहतं. एप्रिलमधल्या सांगलीत यात काही बिघडलंय असं वाटतच नाही. पण इंजिन कायम गारठलेलं राहिल्यामुळे पेट्रोल जास्त जातं, तेलात ओल साठते. अॅव्हरेज कमी झाल्याची अण्णांची तक्रार कित्येक वर्षांची. तिचं मूळ इथे होतं, आणि ते समजल्यावर मला खरंच वाईट वाटलं.

नवा थर्मोस्टॅट आणला, त्यावर 82 असा आकडा होता, म्हणजे 82 अंशाला उघडायला लागणारा. बसवण्याआधी जुन्या पातेल्यात दोऱ्याने टांगून उकळून बघितला. शिमल्याच्या उंचीवर पाणी साधारण 93 अंशालाच उकळतं, पण तेवढं पुरलं. झडप सावकाश उघडली, गार झाल्यावर मिटली. ढलीच्या मिस्त्रींनी अर्ध्या तासात तो बसवून दिला. काटा मध्यावर येऊन थांबला.

हवा मात्र अजून निम्मीच गरम होती.

मग बोनेट उघडून हीटरचे दोन रबरी पाइप हाताने तपासले. दोन्ही जवळजवळ सारखेच गरम लागले, तर पाणी नीट फिरतंय आणि दोष आतल्या हवेच्या झडपेत शोधायचा. माझ्याकडे एक चटका देणारा, दुसरा कोमट. म्हणजे छोटा रेडिएटर तुंबलेला. वर्षानुवर्षं त्यात बोअरचं जड पाणी घातलं होतं, दुसरं काय होणार?

इंजिन पूर्ण गार झाल्यावर दोन्ही पाइप सोडवले आणि पाणी उलट्या दिशेने सोडलं, गच्चीवरच्या टाकीच्या नळीने. प्रेशर पंप मी मुद्दाम टाळला. आतल्या नळ्या पातळ असतात, फुटल्या तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आधी चहासारखं पाणी आलं, मग गंजाचे कण, मग पुन्हा चहा. नितळ पाणी यायला पाऊण तास लागला. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरलं. या मिश्रणाला उणे 30 च्याही खालपर्यंत गोठण्याची भीती नाही. साधं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉकही तडकवू शकतं. मी अख्खा नोव्हेंबर साध्या पाण्यावर गाडी चालवली होती. सांडलेलं कुलंट लगेच धुऊन काढलं. ते गोड लागतं आणि विषारी असतं, आणि आमच्या गल्लीत कुत्री फार.

कुलंटमध्ये अडकलेली हवा काढायला गाडी चढाकडे तोंड करून लावली. शिमल्यात त्यासाठी जागा शोधावी लागत नाही. रेडिएटरचं झाकण गार इंजिनावरच उघडलं, हीटर पूर्ण लावला आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहिले.

रविवारी पुन्हा कुफ्रीचा उतार. काच स्वच्छ, आणि मी शाल काढून मागच्या सीटवर ठेवली.

रात्री अण्णांनी विचारलं, "आणि एप्रिलात इकडं आणलीस, तापली तर?"

"तर रेडिएटर साफ करून घेऊ, पंखा वेळेवर लागतोय का बघू. थर्मोस्टॅट काढायचा नाही, अण्णा."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहून ठेव बाळ."

त्यांच्या वहीत प्रत्येक ऑइल बदललेलं आहे, टायर आहेत, बॅटरी आहे. थर्मोस्टॅट काढल्याची नोंद नव्हती. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली मी लिहिलं: थर्मोस्टॅट नवा, 82 अंश. कुलंट निम्मं-निम्मं. साधं पाणी घालू नये.