कॅथेटर कोणाचा? एथिक्स कमिटीतले माझे सात महिने

पीएचडीत काय केलंस असं कोणी विचारलं की नॅनोकण, लेप, मायक्रोस्कोप ही उत्तरं मला जरा उशिराच सुचतात. आधी डोळ्यांसमोर येतो तो एक चौकोन. रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीच्या अर्जाच्या तिसऱ्या पानावर, खाली उजवीकडे, काडेपेटीएवढा. ‘संबंधित विभागप्रमुखांची सही व शिक्का.’ नळीवर चांदीचा लेप नीट बसवायला मला चार महिने लागले. तो चौकोन भरून मंजुरी मिळवायला सात.

माझा विषय पदार्थविज्ञानातला. लघवी बाहेर काढायला रुग्णाच्या मूत्राशयात घालतात त्या नळीवर, म्हणजे फोलीज कॅथेटरवर, चांदीच्या नॅनोकणांचा लेप. लेपाची युक्ती माझी नाही. २००७ साली अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की डोपामीनच्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात वस्तू बुडवून ठेवली की तिच्यावर एक तपकिरी थर चढतो आणि तो जवळजवळ कशालाही चिकटतो. समुद्राच्या खडकांना गच्च धरून बसणाऱ्या शिंपल्यांकडून उचललेली कल्पना. रात्री नळीचे तुकडे बुडवायचे, सकाळी द्रावण काळंभोर. मग तेच तुकडे सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकले की थर आपणहून चांदी ओढून घेतो. प्लेटवर जंतू वाढवून त्यात तुकडा ठेवला की भोवती स्वच्छ कडं उमटायचं. मी फोटो काढून घरी पाठवले होते. सासूबाई म्हणाल्या, “छान, रांगोळीसारखं दिसतंय.”

माझ्या गाइड सरांनी मात्र फोटो पाहून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला २०१२चा पेपर समोर टाकला. ब्रिटनमधली २४ रुग्णालयं, सात हजारांवर रुग्ण. साध्या नळीच्या गटात संसर्ग १२.६ टक्के, चांदीचा लेप असलेल्या नळीच्या गटात १२.५. म्हणजे फरक काहीच नाही. “प्लेटवर मरतात ते रुग्णात का मरत नाहीत, ते सांग,” असं म्हणून सर जेवायला गेले.

एक कारण मला पुस्तकातून माहीत होतं. प्रोटियस नावाचा जंतू लघवीतला युरिया फोडतो, अमोनिया तयार होतो, लघवीची आम्लता जाते आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमचे क्षार नळीवर बसू लागतात. चांदी त्याखाली गाडली जाते. बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल जशी पांढरी होते, तसंच. पण हे माणसात वापरलेल्या नळीवर बघायचं, तर वापरलेली नळी हवी. आणि वापरलेली नळी हवी, तर रुग्णालयाची एथिक्स कमिटी, म्हणजे रुग्णांशी संबंधित संशोधनाला परवानगी देणारी समिती.

मला वाटलं होतं हे सोपं असेल. नळी काढल्यावर ती कचऱ्यातच जाते. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे कॅथेटर लाल पिशवीत टाकतात. मला फक्त त्या लाल पिशवीत जाण्याआधीचा तुकडा हवा होता. रुग्णाला सुई नाही, औषध नाही, काही नाही. महिन्याभरात होईल असं मी नवऱ्याला सांगितलं होतं, आणि पुढे सात महिने त्याने ते मला ऐकवलं.

कमिटीच्या कार्यालयात जे भाऊसाहेब बसतात त्यांनी पहिल्या दिवशी यादी दिली. पंधरा प्रती, स्पायरल. सगळ्या संशोधकांचे सही-तारखेसह बायोडेटा. जीसीपीचं, म्हणजे ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’चं प्रमाणपत्र (हा ऑनलाइन कोर्स आधीच करून ठेवा, एका संध्याकाळी होतो). माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठी, हिंदी, इंग्रजीत. हे सगळं मी आठ दिवसांत केलं. राहिला तो चौकोन.

संबंधित विभाग कोणता?

मी आधी युरॉलॉजीत गेले. नळी मूत्राशयाची, म्हणजे विभाग त्यांचा, असं माझं सरळ गणित. तिथल्या सरांनी सारांश वाचला, चांगला आहे म्हणाले आणि परत दिला. “आमच्याकडचे कॅथेटर दोन-तीन दिवसांत निघतात. तुम्हाला सात दिवसांच्या वरचे हवेत. ते मेडिसिनच्या वॉर्डात. त्यांची सही घ्या.”

मेडिसिनच्या ओपीडीबाहेर मी तीन मंगळवार बसले. तिसऱ्या मंगळवारी आत बोलावलं. मॅडमचं म्हणणं, रुग्ण आमचा, पण कॅथेटर हा काही मेडिसिनचा विषय नाही, उद्या कोणी विचारलं तर मी काय उत्तर देऊ? सर्जरीला विचारा. सर्जरीत सांगितलं, ऑपरेशन थिएटरमध्ये टाकलेला कॅथेटर आमचा, पण वॉर्डात गेल्यावर तो नर्सिंगकडे. आयसीयूत म्हणाले, आमचे पेशंट ज्या विभागातून आले त्या विभागाचे. यात कोणी उद्धटपणे बोललं नाही. दोन ठिकाणी चहासुद्धा मिळाला. पण सही करायला कोणी तयार नाही.

शेवटी मेट्रनकडे, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांकडे. त्यांनी पाच मिनिटांत सगळं ऐकून घेतलं, “टाकतात आमच्या मुली, पिशवी रिकामी करतात आमच्या मुली, काढतातही आमच्याच मुली,” असं म्हणून पेन उघडलं आणि सही केली. मी अक्षरशः पळत कार्यालयात गेले. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला, सही बघितली आणि कागद माझ्याकडे सरकवला. “मॅडम, नर्सिंग हा विभाग नाही ना आपल्या यादीत.”

मी यादी बघितली. खरंच नव्हता. रुग्णालयात सगळ्यात जास्त माणसं ज्या विभागाची, तो ड्रॉपडाउनमध्ये नव्हता. त्या दिवशी मी पायऱ्यांवर बसून वडापाव खाल्ला आणि पीएचडी सोडायचा विचार केला, दोन्ही एकदमच.

त्या रात्री चिडून मी चांदीबद्दलचं वाचणं बंद केलं आणि ‘कॅथेटर कोणाचा’ यावर कोणी काही लिहिलंय का ते शोधलं. लिहिलंय. २००० साली अमेरिकेत संजय सेंट आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांना साधा प्रश्न विचारला होता: तुमच्या या रुग्णाला कॅथेटर आहे का? एकूण २८ टक्के वेळा डॉक्टरांना माहीतच नव्हतं. वैद्यकीय विद्यार्थ्यांत हे प्रमाण २१ टक्के आणि सर्वांत वरिष्ठ डॉक्टरांत ३८. पद जितकं वर, तितका कॅथेटर दिसेनासा. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मंगळवारी बाकावर बसून मी जे बघत होते ते हेच होतं, फक्त मी त्याला सहीची अडचण समजत होते.

मग त्यांचंच २०१६चं काम वाचलं. ६०३ रुग्णालयांतले ९२६ विभाग. नळीला कसलाही नवा लेप नाही. नळी खरंच हवी का हे रोज विचारायचं, परिचारिकांना ती काढायचा अधिकार द्यायचा, टाकताना नीट टाकायची, आणि या सगळ्याला प्रत्येक वॉर्डात कोणीतरी पुढाकार घेणारं माणूस. साध्या वॉर्डांत हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक कॅथेटर-दिवस) संसर्ग २.२८ वरून १.५४ वर आले. आयसीयूत मात्र फारसा फरक पडला नाही, हेही त्यांनी लपवलेलं नाही. चार वर्षं चांदी घासणाऱ्या माणसाला हे वाचून कसं वाटतं ते सांगत नाही.

हां, मधेच आठवलं म्हणून: संमतीपत्राच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख घाला. माझ्या मराठी प्रतीवर आवृत्ती १ आणि इंग्रजीवर १.१ होतं, तेवढ्यावरून एक बैठक हुकली. बैठक दोन महिन्यांतून एकदा असते. त्याच्या पुढची कोरमअभावी रद्द झाली. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान पाच सदस्य लागतात आणि त्यांत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचेही हवेत. त्या दिवशी डॉक्टर सगळे हजर होते, वकील कोर्टात अडकले. तेव्हा मी खूप चरफडले. आता वाटतं, ते नियम असेच हवेत. पण त्या दिवशी नाही वाटलं.

वाट सापडली ती मेडिसिन वॉर्डाच्या सिस्टर इन-चार्जमुळे. मी वॉर्डात इतक्यांदा चकरा मारत होते की मामा आणि मावशी मला औषध कंपनीची समजायला लागले होते. सिस्टरनी एकदा टेबलापाशी थांबवलं. “काय पाहिजे तुम्हाला नक्की?” मी सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. शंभर पानी, वरती खाकी कव्हर. आत बेड नंबर, कॅथेटर टाकल्याची तारीख, आणि पुढे रोजची एक उभी रेघ, पाच झाल्या की आडवा छेद. क्रिकेटच्या धावा मोजतात तशा. बेड १४ पुढे एकोणीस रेघा होत्या. “हे मी माझ्यासाठी ठेवते,” त्या म्हणाल्या. “राउंडला कोणी विचारत नाही. मी सांगितलं तर हो म्हणतात, काढा. पण मी सांगायला पाहिजे, आणि माझी ड्युटी नसली की राहतं.”

आणि मग सहज, जणू मी कॅन्टीन कुठे आहे असं विचारलंय अशा सुरात: “हे इन्फेक्शन कंट्रोल कमिटीचं काम आहे. मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडम सेक्रेटरी आहेत. त्या विभागप्रमुखही आहेत.”

सहा महिने. आणि उत्तर हे होतं. मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमनी दुसऱ्याच दिवशी चौकोन भरला, स्वतः सहसंशोधक झाल्या आणि म्हणाल्या, आधी का नाही आलात? तर तुम्हाला सांगते: रुग्णालयातून काहीही हवं असेल तर विभागांच्या पाट्या वाचत फिरू नका. ती वस्तू रोज हातात कोण घेतं त्याला आधी भेटा, सहीच्या आधी.

प्रत्यक्ष बैठक वीस मिनिटांची झाली. पहिला प्रश्न अध्यक्षांचा: शीर्षकात ‘चांदीच्या लेपाचा कॅथेटर’ असं आहे, तो रुग्णाला घालणार का? नाही म्हटलं, साधेच, काढून टाकलेले तपासणार. मग शीर्षकात चांदी कशाला? मला उत्तर नव्हतं. रुबाब दिसावा म्हणून, हे खरं उत्तर. लेपाची नळी माणसाला घालायची तर ती वैद्यकीय उपकरणाची चाचणी होते, २०१७चे उपकरण नियम लागतात, केंद्राची परवानगी लागते. शीर्षक तिथेच बदललं.

दुसरा प्रश्न सामान्य नागरिक म्हणून कमिटीत असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचा. त्यांच्यासमोर माझं मराठी माहितीपत्रक होतं आणि त्यावर लाल शाई. मी लिहिलं होतं, ‘नलिकेच्या पृष्ठभागावरील सूक्ष्मजीवजन्य जैवपटलाचे परीक्षण’. बाई म्हणाल्या, “हे तुमच्या आईला वाचून दाखवलंत का?” नव्हतं दाखवलं. त्यांनी वर लिहून ठेवलं होतं: ‘नळीवर साचणारा जंतूंचा बुळबुळीत थर आम्ही तपासणार आहोत.’ इतक्या वर्षांत माझ्या कामाचं इतकं स्वच्छ वाक्य मी स्वतः लिहिलं नव्हतं. प्रबंधाच्या मराठी सारांशात मी तेच वापरलंय.

रुग्ण शुद्धीवर नसेल तर नातेवाइकाची संमती, सही येत नसेल तर अंगठा आणि बाहेरचा साक्षीदार, हे कमिटीने समजावलं. ‘कचराच तर आहे’ हा माझा मुद्दाही खोडला. नळी कचरा असेल, पण किती दिवस होती, कोणतं अँटिबायोटिक चालू होतं ही माहिती रुग्णाची. बरोबर होतं ते. मंजुरीचं पत्र दहा दिवसांत आलं. आधी नमुने घेऊन मग मंजुरी मागू असा शहाणपणा कोणी शिकवला तर ऐकू नका, मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही आणि जर्नलवाले क्रमांक मागतातच.

नमुने घ्यायला सुरुवात झाली. पहिला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितला तो बेड ९चा, अकरा दिवसांचा. नळीच्या आतल्या बाजूला क्षारांचे शवपेटीसारखे कोनदार स्फटिक आणि त्यांच्या फटींत जंतूंच्या काड्या रचून ठेवल्यासारख्या. सरांनी बराच वेळ बघितलं आणि यावेळी जेवायला गेले नाहीत.

पण आता नवीनच पंचाईत झालीय. अभ्यास अधिकृत झाल्यावर सिस्टरांची वही टेबलावर आली, मग तिचा भिंतीवर पांढरा बोर्ड झाला. बेड नंबर, पुढे दिवस. राउंडला मेडिसिनच्या मॅडम बोर्डासमोर थांबतात, सिस्टर आकडे वाचतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशीच नळी निघते. मला सात दिवसांवरचे साठ कॅथेटर हवेत. आत्तापर्यंत बावीस मिळालेत, गेल्या महिन्यात एकच. सिस्टरांना म्हटलं तर हसल्या. “मग काय, तुमच्यासाठी ठेवू का आत?”

म्हणून सात दिवसांची अट तीनवर आणायला कमिटीकडे सुधारणेचा अर्ज. पंधरा प्रती काल बाइंडिंगला टाकल्या. तिसऱ्या पानावर तोच चौकोन आहे. सही कोणाची घ्यायची हे या वेळी पक्कं माहीत आहे, फक्त मॅडम पंधरा दिवस रजेवर आहेत.