श्रावणात मासे बघायला: बडोदा ते गोसाबा

श्रावणात मासे बघायला निघालोय म्हटल्यावर दांडिया बाजारातल्या मावशीने कपाळाला हात लावला. "बघून या, खाऊन येऊ नका!" पण मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, तळ्यात सोडायचा हंगामच पावसाळ्यात, त्याला काय करणार? डभोईजवळच्या शेततळ्यात मासे सोडायचं भावाच्या मनात आहे, म्हणून दोघे सुंदरबनातलं गोसाबा बेट बघून आलो.

हावड्याला बडोद्याहून थेट गाडी आहे. पुढे सियालदहहून कॅनिंग लोकल, मग गदखालीपर्यंत वडाप रिक्षा आणि शेवटी होडी. परतीची शेवटची होडी किती वाजता, हे उतरतानाच विचारा. आम्ही विचारलं नाही आणि रात्र एका पडवीत काढली. बूट नकोत, चिखल ते पायातून ओढून घेतो. रबरी चपला बऱ्या. रोख पैसे जवळ ठेवा.

बेटावर प्रत्येक घराला तळं दिसतं. माशांसाठी खणलेलं नव्हे हो! घराचा चौथरा उंच करायला माती हवी, ती काढली की खड्डा उरतो, त्यात पावसाचं पाणी साठतं. मासे नंतरचे. रोहू, कटला, मृगळ. तिघं वेगवेगळ्या थरात चरतात, म्हणून एकत्र नांदतात. ज्यांच्या पडवीत राहिलो त्या काकी म्हणाल्या, मासे पाळायचं शिकवणाऱ्या शिबिराला त्या कधी गेल्याच नाहीत. शेजारणीच्या जाळ्यात काय येतं ते बांधावरून पाहिलं, आणि मत्स्यबीज विकणारा बीवाला दारी आला तेव्हा थोडं बी उधारीवर घेतलं.

हा बीवाला म्हणजे मासे पाळण्याचा खरा प्रचारक. ॲल्युमिनियमच्या हंडीत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणि हात सतत पाण्यात थापटत. थांबला की प्राणवायू कमी पडून पिल्लं मरतात. हंडीतलं हे बी हॅचरीतलं, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढतात त्या केंद्रातलं. १९५७ साली हिरालाल चौधरींनी कटकला कार्पजातीच्या माशांचं प्रेरित प्रजनन साधलं, म्हणजे संप्रेरक टोचून त्यांना अंडी घालायला लावलं. त्याआधी बी बहुतेक नदीतूनच गोळा करावं लागे.

मे २००९च्या आयला वादळात नदीकाठचे बांध फुटले, खारं पाणी तळ्यात शिरलं, गोड्या पाण्यातले मासे गेले. खारेपणा सोसणारा तिलापिया तेव्हा उपयोगी पडला. जिताडाही काहींनी धरला, पण तो बाकीची पिल्लं गिळतो. नवख्याने त्याच्या नादी लागू नये, असं माझं मत.

परतल्यापासून भाऊ भांड्यांच्या दुकानांतून हंड्या वाजवून बघतोय. मावशी विचारते, गोकुळाष्टमीला एवढी मोठी कशाला?