चरक, झेरॉक्स आणि सातबारा : आमची वाटचाल

मुलगी गेले दोन महिने मागं लागलीय, बाबा आपल्या छापचित्रांच्या दुकानाचं 'आमची वाटचाल' लिहा, सगळे लिहितात. सगळे लिहितात ते मी वाचलंय, त्यात छोट्याशा रोपट्याचा वटवृक्ष झालेला असतो. आमचं तसलं काय झालेलं नाही हे आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात शाहूपुरीत एक गाळा, वर पोटमाळा, खाली एक लोखंडी प्रेस, दोन टेबलं, वाळत घातलेली चित्रं अडकवायला दोरी आणि चिमटे, आणि दाराशी झेरॉक्स मशीन. एवढं उभं करायला सोळा-सतरा वर्षं गेली.

वडील कंपोझिटर होते, एका ट्रेडल छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. मी शाळेतून डबा द्यायला जायचो तेव्हा बघायचो, जुळवलेला मजकूर सगळा उलटा, आरशात दिसतो तसा, आणि वडील तो पेपर वाचल्यासारखा सरसर वाचायचे, चूक दिसली की चिमट्यानं खिळा उपसायचा आणि दुसरा बसवायचा. पुढं ऑफसेट आलं, कॉम्प्युटरवरचं डीटीपी आलं, खिळे शिशाच्या भावानं किलोवर गेले आणि वडील घरी बसले. त्यावर ते कधी काय बोलले नाहीत, पण हॉटेलात बसलं की काचेवर बाहेरून रंगवलेली पाटी आतून वाचून दाखवायचे, अगदी शेवटपर्यंत.

मी चित्रकला शिक्षकाचं एटीडी केलं, मग चित्रकलेचाच डिप्लोमा, जीडी आर्ट, आणि मुंबईला एका वर्कशॉपला गेलो तेव्हा पहिल्यांदा जस्ताच्या प्लेटवरनं छापलेलं चित्र हातात घेतलं. कागदाला प्लेटच्या कडेचा दाब बसलेला असतो, बोट फिरवलं की कळतो. तेवढ्यावरच गडी खलास झाला. परत येऊन एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवली, तिथं परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला द्यायची पद्धत होती आणि पगार सहा-सहा महिन्यांनी, त्याच्यावर जास्त लिहीत नाही. सोडली.

आता प्रेस. एचिंगला, म्हंजे प्लेटवर अ‍ॅसिडनं खाचा पाडून छापायच्या चित्राला, साधा हाताचा दाब पुरत नाही, ओला कागद प्लेटच्या खाचेत शिरून शाई उचलून आणेल एवढा दाब लागतो, त्यासाठी दोन रूळ आणि मधून सरकणारा लोखंडी पाट. तयार प्रेसची किंमत विचारली आणि फोन ठेवला. मग गेलो उद्यमनगरला. एका लेथवाल्या मिस्त्रींना कागदावर आकृती काढून दाखवली, त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "सर, हे रसाचं मशीन हाय काय?" मी म्हटलं रस नाही, चित्र काढायचंय. "चित्र पिळून काढताय व्हय!" असं म्हणून त्यांनी शेजारच्या तीन वर्कशॉपमधली माणसं गोळा केली. पण काम अंगावर घेतलं. खालचा रूळ भंगारातल्या एका जाड शाफ्टचा, गिअर कुठल्यातरी जुन्या मशीनचे, दाब कमी-जास्त करायला वर दोन स्क्रू, आणि फिरवायला जहाजासारखं चाक. अ‍ॅडव्हान्स माझ्याकडं पुरेसा नव्हता, तर म्हणाले चालू झाल्यावर द्या. मला लोक विचारतात असलं मशीन तुम्ही कोल्हापुरात कसं काय बनवलं, अहो बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला, त्यांच्या जोडीचे आनंदराव पेंटर मधेच वारले तरी दामल्यांना हाताशी घेऊन पुरा केला, आणि मला दोन रूळ फिरवायला मुंबईला जायचंय होय?

प्रेस आला तेव्हा चार माणसं आणि एक टेम्पो लागला, गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव चरक ठेवलं आणि आजतागायत तेच आहे. नव्या विद्यार्थ्याला पण आम्ही तेच सांगतो, आधी चरक पुसून घे.

पहिलं चित्र, पंचगंगेच्या घाटाचं, मात्र फसलं. रूळ आणि कागदाच्या मधे लोकरीचं जाड फेल्ट लागतं, ते मिळेना म्हणून मी डोकं चालवून घरातलं घोंगडं घातलं. दाब एकदम झकास बसला, कागद उचलला तर पंचगंगेच्या घाटावर घोंगड्याची सगळी वीण उमटलेली. आईनं घोंगड्याकडं बघितलं, मग चित्राकडं बघितलं आणि आत गेली. फेल्ट पुढं एका पेपर मिलच्या टाकाऊ मालात सापडलं, ते अजून वापरतोय.

दुसरी अडचण अ‍ॅसिडची. प्लेटवर मेणासारखा थर द्यायचा, सुईनं त्यात चित्र ओरखडायचं, मग अ‍ॅसिडमध्ये बुडवली की जिथं धातू उघडा पडलाय तिथंच खाल्ली जाते. त्याला सगळे नायट्रिक वापरतात, सोनारांचंच ते, सुरुवातीला मी पण वापरलं, पिसानं प्लेटवरचे बुडबुडे हलवत धुराकडं तोंड करून बसायचो. पण खालीच लहान पोरांचा क्लास, मला रात्री झोप लागेना. मग वाचताना कळलं की जस्ताच्या प्लेटला मोरचूद आणि मीठ पाण्यात घालून पण चालतं, धूर नाही, फक्त तळाला तांबूस गाळ बसतो तो ब्रशनं काढत राहायचा, आणि वापरलेलं पाणी गटारात ओतायचं नाही एवढं पाळायचं. शेती औषधांच्या दुकानात गेलो आणि म्हटलं मोरचूद द्या. "द्राक्षाला का?" म्हणाला. मी म्हटलं चित्राला. त्यानं काय विचारलं नाही पुढं, पण आता गेलो की ओरडूनच सांगतो, सरांच्या चित्रावर करपा पडलाय, एक किलो द्या.

बाहेर पाटी लावली 'छापचित्र स्टुडिओ'. पहिल्या आठवड्यात अकरा जण आले, नऊ जण लग्नपत्रिकेचा रेट विचारायला आणि दोघं आधारकार्डाची झेरॉक्स काढायला. छाप एवढाच शब्द वाचतात लोक. आणि कुणी आत येऊन भिंतीवरचं बघितलंच तर पुढचा प्रश्न ठरलेला, म्हंजे ही ओरिजनल न्हाई तर? प्रिंट हाय?

हे समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय म्हणून इथं पण समजावतो. तुमच्या आजीच्या देवघरात जी लक्ष्मी होती ती बहुतेक राजा रविवर्म्याची, म्हंजे त्यांनी तैलचित्र केलं, मग १८९४ ला मुंबईत प्रेस काढला आणि एकेका रंगाला वेगळा लिथोचा दगड वापरून त्याच्या प्रती काढल्या. तिथं मूळ चित्र वेगळं आणि छापलेलं वेगळं. आमच्याकडं मूळ चित्र असं दुसरं काही नसतंच. प्लेट म्हंजे नुसता खाचा पडलेला पत्रा, तिच्यात हातानं शाई भरायची, कापडानं पुसायची, किती पुसायची यावर चित्र ठरतं, आणि चरकातनं निघतं तेच मूळ, वीस काढले तर वीसही मूळ. खाली पेन्सिलीनं नंबर टाकतो, वीसातला पाचवा असेल तर ५/२०. ठरलेल्या प्रती झाल्या की प्लेटवर आडवी चीर मारून टाकतो, पुन्हा छापायची नाही. एका गिऱ्हाइकानं हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, मग एक नंबरची द्या, आणि शेवटच्या नंबरला डिस्काउंट किती?

खरं पोट भरलं ते क्लासनं, हे कबूल करायला लाज नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, शासकीय रेखाकला परीक्षा. दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून पालक पोरं घालतात, नाहीतर कोण घालणार. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, सगळं शिकवतो, परीक्षेपुरतं पण शिकवतो, त्यात वाईट काय नाही. फक्त परीक्षा संपल्यावरच्या रविवारी सगळ्यांना लिनोचा, म्हंजे कोरून छापायच्या मऊ चादरीचा, एकेक तुकडा आणि कोरणी देतो. लिनो थंडीत कडक होतो म्हणून पोरं तो पायरीवर उन्हात ठेवून शेकतात आणि मग कोरतात. पहिल्या दिवशी प्रत्येक बॅचमधला एकजण स्वतःचं नाव झोकात सरळ कोरतो आणि छापल्यावर ते उलटं येतं, आणि मग सगळा क्लास हसतो. मी त्यावेळी वडिलांचं सांगतो. प्रेस लागत नाही याला, जेवणाचा चमचा कागदावर मागनं घासला तरी छाप येतो, आणि घरी जाऊन आयांचे चमचे काळे केल्याच्या तक्रारी सोमवारी येतात.

लग्नपत्रिका पण केल्या. एका हौशी जोडप्याला लिनोवर हातानं छापलेली पाहिजे होती, तीनशे. हिशोब चुकला माझा, दंड आठ दिवस वर होत नव्हता. आता पन्नासच्या वर घेत नाही, आणि बायकोनं रेट ठरवायचं काम माझ्याकडनं काढून घेतलंय.

२०१९ चा पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्यावर्षी ५५ च्या वर गेली. आम्ही आदल्या रात्री कागद पोटमाळ्यावर टाकला, बाकीचं उद्या बघू म्हटलं, उद्या गल्लीत बोट होती. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर एमडीएफवर, म्हंजे दाबलेल्या भुशाच्या फळीवर, कोरलेले ब्लॉक टम्म फुगून पापुद्रे सुटलेले, फेल्ट कुजलेल्या कुत्र्यासारखं वास मारतंय, चरकावर गंजाचा थर. जस्ताच्या प्लेटा चिखलातनं काढून धुतल्या, त्यांच्यावर डाग पडले होते, पत्रा जागोजागी खाल्ला गेला होता. एक-दोघं म्हणाले सर भारी, पुराचंच चित्र झालं, छापा तसंच. छापलं. बहुतेक घाण आली, खरं सांगायचं तर. एक बरी आली, ती ठेवलीय. चरक मात्र मिस्त्रींनी स्वतः येऊन तीन दिवस रॉकेल आणि पॉलिश पेपरनं घासून दिला, पैसे विचारले तर म्हणाले, आपलीच पोरगी हाय ती. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मात्र आम्ही हुशार झालो होतो, फक्त भिंतीचा रंग गेला.

मधे लॉकडाऊन, क्लास बंद, गाळ्याचं भाडं चालू. तेव्हा बायको म्हणाली, इतकी वर्षं लोक दारात येऊन झेरॉक्स मागतायत, एकदा त्यांचं ऐकून बघा की. सेकंडहँड मशीन घेतलं. ज्या माणसानं दहा वर्षं 'ही झेरॉक्स नाही ओ' म्हणून घसा फोडला तोच आता दोन रुपयाला पान काढून देतो, मित्रांनी यावर मला जेवढं पिडलंय तेवढं पुरानं पण पिडलं नाही. पण लाईट बिल सुटतं.

गावासाठी काय केलं, असं मुलीनं मथळ्यातच लिहून दिलंय. फार काय नाही. शाळांत चित्रकलेचे शिक्षक भरा म्हणून निवेदनं दिली, त्यातल्या एका कार्यालयात आठ महिने फाईल सापडत नव्हती आणि सापडली तेव्हा तिच्यावर चहाच्या कपाचा गोल छाप होता, चांगला उमटला होता. शाहू स्मारकला पोरांच्या छापचित्रांची प्रदर्शनं लावली, जुने चित्रकार आबालाल रहिमानांनी जिथं बसून चित्रं काढली त्या कोटीतीर्थ तळ्यावर आणि रंकाळ्यावर रविवारी वह्या घेऊन पोरं नेतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आम्ही पण रस्त्यावर उभे होतो. शाहू महाराजांनी १९१५ ला बांधलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर, आणि दुसऱ्याच दिवशी गायकनट केशवरावांची जयंती. लोक घरातलं माणूस गेल्यासारखे रडत होते. पुढच्या रविवारी पोरांना काय कोरायचं ते सांगावं लागलं नाही, सत्तावीस जणांनी तेच कोरलं, एकानं नुसती खुर्ची. पुन्हा बांधायच्या बैठकांना मी जातो, मागं बसतो, बोलायला मिळालं तर तिथं चित्रं लावायला एक भिंत ठेवा एवढंच बोलतो. दोनदा मिळालंय.

आणि त्या झेरॉक्सचा एक फायदा झाला तो सांगायचा राहिला. कागद निघेपर्यंत माणूस दोन मिनिटं उभा असतो, त्याला भिंतीकडं बघण्याशिवाय काम नसतं. एवढी गर्दी माझ्या कुठल्या प्रदर्शनाला झाली नाही.

मागच्या आठवड्यात एक आजोबा आले, करवीर तालुक्यातले, फेटा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. जमिनीचे कागद होते. मशीन गरम होईपर्यंत ते रंकाळ्याच्या एका चित्रासमोर जाऊन उभे राहिले, वाकून खालचा पेन्सिलीचा आकडा वाचला, ७/१२, आणि मला म्हणाले, "ह्यो कुणाचा सातबारा?"

मी आपलं नेहमीचं सांगितलं, बारा छापलेत, त्यातला हा सातवा, बाराही सारखेच मूळ. त्यांनी मान डोलावली, सगळं पटल्यासारखी.

"मग बाकीचे अकरा हिस्सेदार कुठं असत्यात?"

म्हटलं चौघांनी आपापला नेला, उरलेले वर माळ्यावर आहेत, अजून माझ्याच नावावर.