माउंट केनिया की किलीमांजारो? पाठोपाठ दोन्ही केल्यावर जे कळलं ते

फेब्रुवारीत मी आणि माझा मावसभाऊ आधी माउंट केनियाचं पॉइंट लेनाना (४९८५ मीटर) आणि मग चार दिवस थांबून किलीमांजारो (५८९५ मीटर) करून आलो. आल्यापासून भेटेल तो एकच विचारतोय, अवघड कोणता? आकडे बघून वाटतं की किली ९१० मीटरने उंच, संपला विषय. पण तसं नाहीये, आणि लेनानाला 'छोटा' समजून जाणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते, म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते, लेनाना हे माउंट केनियाचं सगळ्यात उंच टोक नाही. बाटियान (५१९९) आणि नेलियान (५१८८) ही त्याहून वरची, पण तिथे दोर लावून क्लाइंबिंग करावं लागतं, चालत जाणारे लेनानापर्यंतच जातात.

आम्ही नैरोबीहून नान्युकीला गेलो आणि सिरिमोन गेटने चढलो. पहिला दिवस गेटपासून ओल्ड मोझेस कॅम्प, ३३०० मीटर, गाडीरस्त्यासारखी सरळ वाट, गप्पा मारत तीन तासांत पोचलो. दुसऱ्या दिवशी थेट शिप्टन्स कॅम्प, ४२०० मीटर. म्हणजे एका दिवसात ९०० मीटर वर जाऊन तिथेच झोपायचं, विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळच मिळत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. मी बुक करताना एक दिवस वाढवून मागितला होता, तर बुकिंगवाले म्हणाले तुम्ही फिट आहात, गरज नाही, आणि मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

दिवसभर मस्त वाटत होतं हो. मॅकिंडर व्हॅलीत शिरलं की माणसाच्या दुप्पट उंचीची सेनेसिओची झाडं, केसाळ खांबासारखी लोबेलियाची झाडं, समोर बाटियानचा काळा कातळ. संध्याकाळी पाच वाजता कॅम्पवर पोचलो आणि साडेसहाला माझं डोकं असं ठणकायला लागलं की हेडलॅम्पचा पट्टासुद्धा सहन होईना, भावाला दोनदा उलटी झाली. गाईडने आमच्याकडे बघितलं आणि सांगून टाकलं, दादा, उद्या समिट नाही. (स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, त्यामुळे पूर्ण ट्रेकभर मी दादा आणि माझा भाऊ काका.) दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला हाउसबर्ग कोल नावाच्या खिंडीच्या दिशेने थोडं वर नेलं, तासभर बसवलं आणि परत खाली आणलं. त्या रात्री दोघंही शांत झोपलो. एक दिवसाचे जास्त पैसे गेले पण समिट झालं ते त्या एका दिवसामुळेच.

समिटला पहाटे तीनला निघालो. ७८५ मीटरची चढण, त्यातला बराचसा घसारा, सह्याद्रीत नाळ चढताना पाय मागे घसरतो ना तसाच, फक्त इथे दम अर्धाच. वर हॅरिस टार्न नावाचं तळं लागतं आणि त्यानंतर हात लावून चढायचे कातळटप्पे. ज्यांनी अलंग-मदन-कुलंग केलंय त्यांना काही वाटणार नाही, पण अंधारात दगडावर बर्फाचा पातळ थर असतो, तिथे पाय नीट बघून ठेवा. वर सूर्योदय आणि खाली लुईस ग्लेशियरचा उरलासुरला तुकडा. तो इतकाच राहिलाय हे बघून गलबलून आलं.

उतरायला चोगोरिया रूट घ्या, हे मी हात जोडून सांगते. गॉर्जेस व्हॅली आणि कड्यावरून दिसणारं लेक मायकेलसन, दोन्ही डोंगर मिळून मी बघितलेली सगळ्यात सुंदर जागा तीच. आणि दिवसभरात आम्हाला माणसं भेटली सहा.

मग किलीसाठी नैरोबीहून टांझानियातल्या अरुशाला शटल बस, नामांगा बॉर्डरवरून. यलो फीवरच्या लशीचं कार्ड बॅगेत खोल ठेवू नका, हातात ठेवा. ती लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि भारतात परत येतानाही कार्ड विचारतात, नसेल तर क्वारंटाइन करू शकतात.

किलीला आम्ही माचामे रूट सात दिवसांत केला. पार्कची फी दिवसाप्रमाणे असते, भरपूर असते, म्हणून पाच-सहा दिवसांची स्वस्त पॅकेजेस विकली जातात. पैसे वाचवायचे तर बूट भाड्याने घ्या, हॉटेल साधं घ्या, पण दिवस कापू नका. माचामेची खुबी अशी की लाव्हा टॉवरला जवळपास ४६०० मीटरपर्यंत चढवतात आणि झोपायला ४००० च्या जरा खाली बरांकोला उतरवतात, शरीराला सवय होते. दुसऱ्या सकाळी बरांको वॉल, हिची लोकांनी उगाच भीती घातलीय, हात-पाय लावून दीडेक तासाची मजेची चढण आहे. वाट सगळीकडे रुळलेली, गर्दीही बरीच. म्हणजे पहिले पाच दिवस किली केनियापेक्षा सोपा, हे अगदी मनापासून सांगते.

आणि मग बराफू कॅम्प. बराफू म्हणजे बर्फच, शब्दसुद्धा आपलाच वाटतो. साधारण ४६७० मीटर. रात्री बाराला निघालो, पुढे १२०० मीटरची चढण एका दमात, वारा, आणि गाईडचं एकच, पोले पोले, म्हणजे हळूहळू. दोनच्या सुमारास माझ्या पाण्याच्या पाइपमधलं पाणी गोठलं. बाटली उलटी करून लोकरी मोज्यात ठेवली होती म्हणून वाचले, उलटी ठेवली की बर्फ बुडाशी धरतो आणि झाकण उघडतं. स्टेला पॉइंटला (५७५६) पोचून वाटतं झालं, पण उहुरू पीक, म्हणजे किलीचं खरं टोक, तिथून अजून पाऊण तास, आणि हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्मा. त्याच दिवशी मवेका कॅम्पपर्यंत ३१०० मीटरवर उतरायचं, म्हणजे २८०० मीटरची उतराई. चढताना रडले नाही ती उतरताना गुडघ्यांनी रडवली. ट्रेकिंग पोल्स दोन घ्या, एक नाही.

तर माझं मत असं. लेनानाचा त्रास वाट, घसारा आणि भरभर वाढणारी उंची यात वाटलेला आहे, किलीचा सगळा एका रात्रीत येऊन आदळतो. ती एक रात्र लेनानाच्या कुठल्याही दिवसापेक्षा जड आहे. पण बराफूला आमचं दोघांचंही डोकं दुखलं नाही, शेजारच्या तंबूतले लोक हैराण होते, आणि हे केनियाचंच देणं. दोन्ही करणार असाल तर केनिया आधी, पाच दिवस ठेवून. एकच करायचाय आणि आधी ४००० च्या वर कधी झोपला नाहीत, तर चार दिवसांच्या लेनानापेक्षा सात-आठ दिवसांचा किली शरीराला बरा.

तयारीला आम्ही तीन महिने आठवड्यातून दोनदा पाठीवर दहा किलो घेऊन सिंहगड केला, एकदा राजगड-तोरणा. पायांना पुरलं, उंचीची तयारी मात्र सिंहगडावर होत नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच. इन्शुरन्स घेताना ६००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर त्यात आहे का ते लेखी घ्या, बऱ्याच पॉलिसीत नसतं. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जुलै ते सप्टेंबर जा, मार्च ते मे पावसाचे. प्लास्टिक पिशव्यांना दोन्ही देशांत बंदी आहे, घरूनच कापडी न्या.

जेवण शाकाहारी नीट मिळतं, चपाती तर तिथेही चपातीच. पण चार हजारांच्या वर भूक मरते. मी मेतकूटाची पुडी नेली होती, कुकने मऊ भात करून दिला की त्यावर मेतकूट आणि तूप, बराफूला निघण्याआधी घशाखाली उतरलं ते तेवढंच. तिसऱ्या दिवसापासून कुक स्वतःच विचारायला लागला, दादा, ती पिवळी पावडर आण.