तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारच्या मास्तरांना लायब्ररी काय देणार?

"मॅडम, आम्ही काय तुमच्या कॉलेजच्या पगारावर नाही. रविवारी यायचं, दोन तास शिकवायचं, जायचं. तुमच्या लायब्ररीचा आम्हाला काय उपयोग वो?" निपाणीतल्या आमच्या अभ्यासकेंद्रावर इग्नू या मुक्त विद्यापीठाचे वर्ग घ्यायला येणारे समुपदेशक मला, इथल्या ग्रंथपालाला, हे इतक्यांदा विचारतात, की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

उपयोग आहे, पण तो मागून घ्यावा लागतो. इग्नूच्या विद्यार्थ्याला अभ्याससाहित्य घरपोच मिळतं, नाहीतर इग्नूच्याच ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. कायम प्राध्यापकाला लायब्ररीचं कार्ड असतं. चिकोडी-संकेश्वरहून येणारा समुपदेशक मात्र ना इकडचा ना तिकडचा. अमेरिकेतल्या कॉलेज ग्रंथपालांच्या संघटनेने दूरशिक्षणासाठी मानकं ठरवली आहेत. शिकणारा असो की शिकवणारा, कुठेही बसलेला असला तरी त्याला बरोबरीची ग्रंथालयसेवा मिळाली पाहिजे, असं त्यांत आहे. आमच्याकडे केंद्र आणि लायब्ररी एकाच इमारतीत असतात, आणि वर्ग भरतात नेमके लायब्ररीला कुलूप असतं त्या दिवशी.

सगळ्यांची पहिली मागणी ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांच्या पासवर्डची. इन्फ्लिबनेट या सरकारी केंद्राची एन-लिस्ट ही कॉलेजांसाठी तशी सेवा आहे. तिचं लॉगिन ज्या त्या कॉलेजच्या यादीवर मिळतं, त्यामुळे पाहुण्या शिक्षकाला मी ते देऊ शकत नाही. पण तुम्ही एरवी एखाद्या पदवी कॉलेजात शिकवत असाल, तर आधी तिथल्या ग्रंथपालांना विचारा. कितीतरी जणांचं लॉगिन तयार होऊन नुसतं पडलेलं असतं. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे देशभरासाठी संशोधन नियतकालिकांची एकत्र वर्गणी, सुरू झालं, त्याचा गाजावाजाही झाला. पण पहिल्या टप्प्यात ते सरकारी संस्थांपुरतं आहे. खासगी संस्थेच्या कॉलेजातल्या केंद्राने त्यावर भिस्त ठेवू नये. माझ्या मते पासवर्डपेक्षा ग्रंथपालाचा फोन नंबर जास्त कामाचा. (हे मी स्वतः ग्रंथपाल आहे म्हणून म्हणते, असं म्हणा हवं तर.)

एक उदाहरण देते. समाजशास्त्राच्या एका मॅडमना सामाजिक चळवळींवर वर्ग घ्यायचा होता. पुस्तकात चिपको होतं, पण समोर बसणारी पोरं निपाणी भागातली. १९८१ साली इथल्या तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर रस्ता अडवला होता, पोलिसांचा गोळीबार झाला होता. पोरांनी ते घरात ऐकलेलं, पण परीक्षेच्या उत्तरात ते लिहायचं असतं हे त्यांच्या गावीही नाही. मॅडमना त्यावर काहीतरी छापील हवं होतं. जेस्टोर या संशोधन लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर वैयक्तिक खातं काढलं की महिन्याला शंभर लेख फुकट वाचता येतात, आणि 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक तिथे आहेत. मी त्यांना खातं काढून दिलं, १९८१च्या अंकांत शोधायचं कसं ते दाखवलं. तंबाखूच्या पिकासाठी मराठी विश्वकोशातली नोंद दिली, तीही नेटवर फुकट आहे. शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएच.डी.चे प्रबंध मात्र जपून द्यावेत, असं माझं मत. शिक्षकाने संदर्भसूची आणि एखादं प्रकरण पाहावं, बी.ए.च्या पोराच्या गळ्यात अख्खा प्रबंध मारू नये.

दुसरी हमखास मागणी, "अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाका की." नाही टाकणार. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने उतारे, प्रकरणं यांच्या प्रती काढायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे, आणि २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात त्याचा अर्थ चांगला ऐसपैस लावला. वर्गाला लागतं तेवढं प्रकरण मी आनंदाने स्कॅन करून देते. विकतचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ग्रुपवर फिरवणं त्यात बसतं, असं मला वाटत नाही.

केंद्राच्या समन्वयकांकडे माझं मागणं एवढंच: सत्र सुरू होताना समुपदेशकांची यादी लायब्ररीत पाठवा, वर्गाच्या रविवारी अर्धा दिवस तरी दार उघडं ठेवायची सोय करा, आणि बदली सुट्टी द्या. ती मिळत नाही म्हणूनच कुलूप निघत नाही, हे उघड आहे. 'वाचकाचा वेळ वाचवा' हा ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचा नियम १९३१ पासून आम्ही परीक्षेत घोकतोय. शिकवणारा माणूसही वाचकच की.

आणि समुपदेशकांनो, सत्रीय कार्याला (विद्यार्थी घरून लिहून देतात त्या असाइनमेंटला) बहुतेक अभ्यासक्रमांत तीस टक्के वजन असतं. तपासताना शेऱ्यात नुसतं 'छान' लिहू नका, पुढे काय वाचायचं ते लिहा. पुस्तकाचं नाव आठवत नसेल तर विषय सांगा, पुस्तक मी शोधते. फक्त फोन शनिवारी दुपारी चारच्या आत करा.