अशिलाचे कागद माझ्याच ऑफिसात

वाटपाच्या दाव्यातला तडजोडीचा मसुदा समोरच्या वकिलांना पाठवला आणि दहाव्या मिनिटाला त्यांचा फोन आला. "मॅडम, बाजूच्या टिप्पण्या काढायच्या राहिल्यात."

त्या टिप्पणीत माझी अशील किती रकमेपर्यंत खाली यायला तयार आहे, ते लिहिलेलं होतं. माणूस सज्जन, म्हणून त्यांनी कळवलं. पण वाचलेलं कुणी विसरू शकत नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाऊ न देणं हे वकिलाचं कायद्यानेच ठरलेलं कर्तव्य आहे. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्ट नाक्यावर तारखेची वाट बघत बसले असताना फोनची गॅलरी उघडली. घरच्या गणपतीच्या फोटोंमध्ये अशिलांची आधार कार्डं, सातबारे, एका बाईचे दवाखान्याचे रिपोर्ट. ज्युनियरच्या फोनवरही तेच असणार.

हे सगळं सावरायचं ठरवलं. सुरुवात मसुदे लिहायच्या लिब्रेऑफिस या सॉफ्टवेअरपासून केली. त्यात एक सोय आहे: फाइलमध्ये टिप्पण्या किंवा नोंदवलेले बदल राहिले असतील, तर सेव्ह करताना आणि पीडीएफ बनवताना इशारा देतं. सुरक्षेच्या पर्यायांत जाऊन ती चालू करावी लागते, एवढंच. माझ्यासाठी ही एक गोष्टही पुरेशी होती.

मोठं काम नेक्स्टक्लाउडचं, म्हणजे आपल्याच मशीनवर फाइली ठेवून त्या लिंकने इतरांना देता येणाऱ्या सॉफ्टवेअरचं. भाचा इंजिनीअरिंगला आहे. "मावशी, नौपाड्याच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप दे," म्हणाला आणि दोन रविवार बसला. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकतानाच त्याने सगळी डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे डबा चोरीला गेला तरी कागद वाचता येणार नाहीत. ब्रॉडबँडवाल्याकडून स्थिर आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घेतला. लिंकवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळालं. सॉफ्टवेअरला एक पैसा लागला नाही. खर्च झाला तो नव्या हार्ड डिस्कवर. या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला असला तरी तो मला वाचता येत नाही. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की कागद माझ्या ऑफिसात आहेत आणि उद्या एखाद्या क्लाउड सेवेचं भाडं थकलं म्हणून ते अडकणार नाहीत. मात्र अपडेट वेळेवर टाकायची जबाबदारीही आता आपलीच. ती टाळणार असाल तर या वाटेला जाऊ नका.

जुलैतल्या एका रविवारी पावसात वीज गेली. आल्यावर मशीन डिस्कचा पासवर्ड मागत थांबलं आणि ऑफिसला कुलूप. एका अशिलाला सोमवारच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा उघडेना. मी भिजत जाऊन पासवर्ड टाकला. सोमवारीच इन्व्हर्टर सांगितला.

अशिलांना फाइल द्यायच्या लिंकला पासवर्ड आणि सात दिवसांची मुदत घालते. आधी लिंक आणि पासवर्ड एकाच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये जायचे. ते बंद केलं. लिंक मेसेजने, पासवर्ड फोनवर. कळव्याच्या एका काकूंना मराठी शब्दांचा पासवर्ड सांगितला, तर त्यात 'वांगी' होतं आणि इंग्रजीत पहिलं अक्षर व्ही की डब्ल्यू यावरच गाडी अडली. तेव्हापासून १२ आकडे देते, आधार क्रमांकासारखे चार-चार करून सांगते. तसे आकडे ऐकायची लोकांना सवय आहे. अक्षरं मिसळली तर पासवर्ड जास्त पक्का होतो, हे खरं. पण चुकीचे पासवर्ड सतत मारत राहणाऱ्याला नेक्स्टक्लाउड मंद करतं आणि लिंक आठवड्यात मरते, म्हणून मी तेवढ्यावर समाधान मानलं.

सगळ्यात उपयोगी पडली ती फक्त कागद टाकायची लिंक. पोस्टाच्या पेटीसारखी: टाकणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा, लिहावा लागतो, तोही याच मशीनवर एका कमांडमध्ये निघतो. पक्षकाराचं रेकॉर्डिंग पेटीत आलं की ज्युनियर आधी हॅश काढून फाइलच्या कव्हरवर लिहितो, मग बाकीचं काम.

ज्येष्ठ वकील अजून व्हॉट्सॲपवरच पाठवतात. ते मी उतरवून पेटीत ठेवते आणि फोनवरून पुसते. परवा काकूंचा फोन आला: "मॅडम, फेरफार टाकलाय, बघून घ्या." कळव्याहून ठाण्याला त्यांची एक खेप वाचली.